लॅमिंग्टन रोडवरचा जुना डबा, लालबागच्या मसाल्यासाठी

होळी झाली की लालबागच्या मिरची गल्लीत आमच्या दुकानात पाणी प्यायला फुरसत नसते. नेमका तेव्हाच जुना कॉम्प्युटर बसला. त्यात 1996 पासूनच्या गिऱ्हाइकांची प्रमाणं आहेत. कोणाला बेडगी किती, संकेश्वरी किती, कोणाला दगडफूल चालत नाही, सगळं. प्रोग्राम डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या सिस्टिमचा, नोंदी ठेवायच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला.

आधी शोरूममधून नवाकोरा आणला. विकणाऱ्याने एका शब्दाने विचारलं नाही, यावर चालवणार काय? 64 बिटच्या, म्हणजे आताच्या नव्या घडणीच्या, विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत, आणि विंडोज 11 तर 64 बिटमध्येच येतं. परतही घेतला नाही. त्यावर आता लेक सिरियली बघते.

मग ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. माळ्यावरच्या दुकानातल्या काकांचा पहिला प्रश्न, "ताई, प्रिंटर कुठला?" डॉट मॅट्रिक्स म्हटल्यावर त्यांनी पॅरलल पोर्टवाला, म्हणजे जुन्या प्रिंटरची केबल लागते तसा, डेस्कटॉप शोधून काढला आणि 32 बिटचं, जुन्या घडणीचं, विंडोज 10 टाकायला घेतलं.

तोवर चहा आणि गप्पा. 2001 मध्ये इंटेलने इटेनियम हा 64 बिटचा प्रोसेसर काढला, त्यावर जुने प्रोग्राम रखडत चालायचे. 2003 ला इंटेलच्या स्पर्धक एएमडीने 64 बिटचा ऑप्टेरॉन प्रोसेसर आणला, त्यावर 32 बिटवालेही सुसाट. 2004 मध्ये इंटेललाही तीच वाट धरावी लागली. "पण डॉसला 64 बिटमध्ये जागा एएमडीनेच ठेवली नाही हां," काका म्हणाले.

प्रोग्राम उघडला आणि 'डिव्हाइड बाय झीरो' म्हणून आपटला. माझ्या पोटात गोळा. काका मात्र थंड. मशीन फार पळतं, जुन्या फॉक्सप्रोला झेपत नाही म्हणे. छोटासा पॅच, म्हणजे प्रोग्रामची दुरुस्ती, मारला, आणि पडद्यावर पहिलं गिऱ्हाईक उमटलं: बेडगी दोन किलो, दगडफूल नको.

साडेनऊ हजार झाले, प्रिंटरची जाडजूड केबल वेगळी. वॉरंटी तीनच महिने. पंखा असा घुमतो की मला आधी शेजारची मसाला कुटायची डंकणच वाटली. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झालेत, म्हणून नेट जोडायचं नाही असं काकांनी बजावलंय. नाहीतरी मसाल्याला नेट कशाला?

सुट्या भागांसाठी असाच आणखी एक डबा सांगून आलेय. मिळाला की फोन करतो म्हणालेत.