चार फुटी टाकी, चौदा महिने आणि ऐंशी रुपयांचा एक मासा

हा अनुभव मी मार्चमध्येच लिहायला घेतला होता. तेव्हाचं पहिलं वाक्य होतं, ‘एंजल मासे घेऊ नका.’ आता त्यातलं अर्धं मागे घेतोय.

माशांची टाकी चार बाय दीड बाय दोन फूट, म्हणजे साधारण 340 लिटर. गेल्या वर्षी चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर फोंड्याच्या घरात लावली. झाडं लावून पाच आठवडे मासे न घालता चालवली, अमोनिया-नायट्राइट (पाण्यात साचणारी, माशांना विषारी द्रव्यं) शून्यावर आल्यावरच दुकानात गेलो. तिथपर्यंत सगळं शहाण्यासारखं केलं. दुकानात शिरलो आणि शहाणपण संपलं.

पहिल्या फेरीत आणलं ते असं: निऑन टेट्रा 20, रुपयाच्या नाण्याएवढे एंजल 6, तळाशी फिरणारे कॉरी 6, मिस केरला 5, आणि काच साफ ठेवायला ‘ॲल्गी ईटर’ म्हणजे शेवाळ खाणारा मासा 1, हाच तो ऐंशी रुपयांचा. शिवाय पाणी गरम ठेवायला 700 रुपयांचा हीटर. हीटर अजून खोक्यात आहे. गोव्यात हीटर विकणाऱ्याला काय म्हणावं ते मला सुचत नाही. विकत घेणाऱ्याला काय म्हणावं ते बायकोने सांगून झालंय.

निऑन आणि एंजल एकत्र चालतील का, असं मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, दोघेही ॲमेझॉनचे, जमतंच. मांजर आणि उंदीरसुद्धा दोघे फोंड्याचेच असतात. चार महिने खरंच जमलं. मग एंजल तळहाताएवढे झाले आणि निऑनची मोजणी सुरू झाली: 20, 17, 11, 4. एकही मेलेला सापडला नाही, फिल्टरमध्येही नाही. दर नगाला 35 रुपये, म्हणजे 560 रुपयांचा नाश्ता झाला. एवढ्यात घरात आठवडाभर बांगडे आले असते. मावशी पेडण्याहून आली की टाकीसमोर बसून दर वेळी तेच म्हणते, “इतलें नुस्तें घरांत, आनी बाजारांत वचपाची पाळी?” (एवढे मासे घरात, आणि बाजारात जायची पाळी?)

तर एंजलवरचा हा आरोप कायम. माशांच्या तक्त्यात ‘कम्युनिटी फिश’ (इतरांसोबत राहू शकणारा) लिहिलेलं असलं तरी जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो आज ना उद्या जातो. आज दिसणारं माप बघू नका, वर्षभराने किती होणार ते विचारा.

दुसरा आरोप मात्र चुकीचा होता. जूनमध्ये दोन एंजलच्या अंगावर, कल्ल्यांच्या मागे, गोल फिकट डाग दिसायला लागले. खवले गेलेले, वरचा चिकट थर सोलल्यासारखा. आधी वाटलं आपसात मारामारी, मग वाटलं बुरशी. मीठ घातलं, औषध घातलं (340 लिटरला औषध घालायचं म्हणजे बाटली अर्धी होते), पाणी बदललं. औषधाने डाग गेले नाहीत, क्रिप्टची दोन झाडं मात्र वितळली. मीच सगळ्यांना सांगत सुटलो की एंजल भांडकुदळ.

जुलैत एका रात्री वीज गेली. साडेबाराला टॉर्च घेऊन एअर पंप इन्व्हर्टरवर घ्यायला गेलो. झाडं अंधारात ऑक्सिजन खातात, त्यात फिल्टर बंद. टॉर्च टाकीवर पडली आणि पाहतो तर व्हॅलिसच्या झाडांच्या आडोशाला झोपलेल्या एंजलच्या कुशीला तो ॲल्गी ईटर जळूसारखा चिकटलेला. एंजल हलला तरी सोडेना.

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन दुकानात. दुकानदार म्हणाला, “पात्रांव (साहेब), ॲल्गी ईटर मागितला, ॲल्गी ईटर दिला. जिवंत मालाला गॅरंटी नाही.” हेच बिलावरही छापलेलं. परत घेणार नाही, बदलून देणार नाही, फुकट सोडतो म्हटलं तरी नको.

इथे जरा थांबतो, कारण या एका नावाखाली निदान दोन मासे विकले जातात आणि मला तेव्हा फरक माहीत नव्हता. हवा असतो तो सयामी: अंगावरचा काळा पट्टा थेट शेपटीच्या टोकापर्यंत जातो, तोंड साधं, आणि पानांच्या कडेला येणारं काळं दाढीसारखं शेवाळही खातो. मला मिळाला तो चायनीज: तोंड खालच्या बाजूला, चक्क चोषकासारखं. काचेला चिकटलेला असतानाही श्वास घेता यावा म्हणून त्याच्या कल्ल्याला वर वेगळं भोक असतं. लहानपणी शेवाळ खातो म्हणून आपण खूश. मोठा झाला की शेवाळ त्याला पुरेनासं होतं, आणि एंजलसारखा चपटा, संथ मासा दिसला की त्याच्या अंगावरचा चिकट थर चाटायला जातो. नाव चायनीज, पण गाव थायलंड-कंबोडियाकडचं, आणि तिकडे लोक तो खातात. हे मावशीला मी सांगितलेलं नाही.

पकडायला तीन आठवडे लागले. झाडांच्या टाकीत जाळी फिरवणं म्हणजे नांगरणी. दोन ॲन्युबियस लाकडावरून सुटले, एक जावा फर्न तरंगत वर आली, हा तिच्या मागे बसून बघतोय. शेवटी पाण्याची बाटली गळ्याशी कापून उलटी बसवली, आत काकडीची फोड, आणि रात्री तळाला ठेवली. पहिल्या रात्री कॉरी अडकला, दुसऱ्या रात्रीही कॉरीच. पाचव्या रात्री हा.

तो गेल्यावर महिन्याभरात एंजलची कातडी भरून आली. मीठ नाही, औषध नाही. माफी मागतो.

मिस केरलाबद्दल थोडक्यात. आपल्याच पश्चिम घाटातला, शास्त्रीय नावातच ‘सह्याद्रिया’, म्हणून मी समजलो की गोव्यात सुखात राहील. पण तो केरळ-कर्नाटकातल्या थंड, वाहत्या ओढ्यांचा, आणि माझं पाणी मे महिन्यात 31 अंश. सगळे वर येऊन धापा टाकत होते. टेबल फॅन पाण्यावर सोडला, दीड अंश उतरलं. फोंड्याच्या दमट हवेत बाष्पीभवन होऊन होऊन किती होणार. दोघांनी उडी मारून जीव दिला, उरलेले तीन थंड खोलीत टाकी असलेल्या मित्राकडे गेले. शिवाय हा मासा धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे, तेव्हा परत घेणार नाही. निऑनचंही तेच: 25-26 अंशांच्या वर तो खूश नसतो. दुसऱ्या वेळी निऑनसारखेच दिसणारे कार्डिनल घेतले, त्यांना उकाडा बरा सोसतो. कॉरीत स्टर्बाय ही जात बघा, तोही गरम पाण्याला तयार असतो.

आज टाकीत एंजल 4 (दोन भाच्याला दिले), पर्ल गुरामी 3, कॉरी 6, सयामी 3. कार्डिनल 25 घेतले ते वाढलेले, सव्वा इंचाच्या वरचे, आणि एंजलचं पोट भरल्यावर दिवे बंद करून सोडले. तीन महिने झाले, 24 आहेत. ते एक कुठे गेलं ते मला माहीत आहे, पण यावेळी भांडणार नाही.

राहिला तो पकडलेला ॲल्गी ईटर. खांडेपारच्या नदीत सोड, असं दोघांनी सुचवलं. परदेशी मासा नदीत सोडणार नाही, मग तो कितीही नालायक असो. मारायचं धाडस नाही. म्हणून त्याला दीड फुटी वेगळी टाकी, 1100 रुपये. छोटा फिल्टर, 450. आणि रोज काकडीची फोड. सध्या पाच इंचांचा आहे. पूर्ण वाढला की दहाच्या आसपास जातो, म्हणजे ही टाकीही पुरणार नाही.