रंगाखाली दडवलेली भेग

अमळनेरजवळ माझा सुतारकामाचा लहानसा कारखाना आहे आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते. यंदा लग्नसराईसाठी सागवानी कपाटांच्या 14 दरवाजांचे काम हाती होते. प्रत्येक दरवाजाच्या चौकटीला चार पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीत 6 मिलिमीटरचे प्लायवूड बसेल अशी 12 मिलिमीटर खोल खोबणी, म्हणजे एकूण 56 खोबण्या काढायच्या होत्या. माझ्या टेबल सॉचे (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापणाऱ्या यंत्राचे) नेहमीचे ब्लेड 3.2 मिलिमीटर रुंद कापते, त्यामुळे प्रत्येक पट्टी किमान दोनदा चालवावी लागते. तो वेळ वाचावा म्हणून मी एकाच फेरीत 6 मिलिमीटरची खोबणी काढणारा आठ इंची ग्रूव्ह कटर घ्यायचे ठरवले. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे साध्या पोलादाची धार त्यात लवकर बोथट होते. म्हणून दातांच्या टोकांना कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या टिपा असलेलाच कटर हवा होता.

धुळ्यात एका दुकानदाराने मला असा कटर 2,600 रुपयांना दिला. इतरत्र त्याच मापाच्या कटरचा भाव मला 4,300 रुपये सांगितला गेला होता. फरकाचे कारण विचारल्यावर तो म्हणाला, "भाऊ, माल नवाकोराच आहे, खोके फाटले म्हणून स्वस्तात काढतोय." खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव नव्हते. कटरवर निळा रंग होता आणि मधोमध गोल कागदी स्टिकर होता, त्यावर कमाल वेग 7000 फेरे असे छापलेले होते. कटरचे भोक 30 मिलिमीटरचे आणि माझा शाफ्ट (कटर ज्यावर बसतो तो फिरता दांडा) 25.4 मिलिमीटरचा, म्हणून त्याने खणातून एक बुश (मधली फट भरणारे कडे) काढून फुकट दिला. पक्के बिल मागितले तेव्हा "कर वाढेल" असे सांगून त्याने साध्या कागदावर रक्कम लिहून दिली. पैसे मात्र मी फोनवरून दिले आणि पुढे हाती राहिलेला पुरावा तेवढाच ठरला.

पहिल्याच पट्टीत प्लायवूडचा तुकडा बसवून पाहिला, तर तो खुळखुळ वाजला. व्हर्नियर लावला तेव्हा खोबणी 6.7 मिलिमीटर भरली. कटरची स्वतःची रुंदी मी दातावर मोजली होती, ती 6 होती. याचा सरळ अर्थ असा की कटर फिरताना बाजूंना डोलत होता आणि डोलण्याएवढी खोबणी रुंद होत होती. शाफ्टच्या बेअरिंगचा दोष असेल म्हणून जुने ब्लेड चढवून पाहिले, तर काप अगदी सरळ आणि नेमका 3.2 चा आला. मी दुकानदाराला फोन केला. "नवा कटर आहे भाऊ, दोन दिवस चालवा, आपोआप बसेल," असे त्याने सांगितले. कटर कधीही "बसत" नसतो. वाकडी चकती चालवल्याने सरळ होत नाही, उलट तिच्यावरचा ताण वाढत जातो. माझी पहिली फसवणूक दुकानात झाली. दुसरी या फोनवर झाली आणि तीच अधिक घातक ठरली, कारण तिच्या भरवशावर मी काम चालू ठेवले.

माझी मोटर मिनिटाला सुमारे 2880 फेरे घेते. तिच्यावर पाच इंची पुली आणि शाफ्टवर तीन इंची पुली आहे, म्हणजे शाफ्ट साधारण 4800 फेऱ्यांनी फिरतो. या वेगात आठ इंची कटरचा दात सेकंदाला सुमारे 51 मीटर, म्हणजे ताशी 180 किलोमीटरहून अधिक वेगाने जातो. अठराव्या पट्टीला खट् असा कोरडा आवाज झाला आणि लाकूड माझ्या हाताखालून मागे उसळले. ब्लेडच्या रेषेत न थांबता डाव्या बाजूला उभे राहायची सवय आणि हातातली ढकलायची काठी, यांमुळे मी वाचलो. पट्टी माझ्या शेजारून जाऊन भुशाच्या पोत्यात शिरली. पलीकडे लाकूड धरायला माझा भाचा उभा होता, तो मात्र पाय धरून खाली बसला. कटरचा वरचा भाग कारागिराकडे येतो आणि टेबलाखालचा भाग त्याच्यापासून दूर, मागच्या दिशेने जातो. तुटलेली टिप तशीच टेबलाखालून मागे सुटली आणि त्याच्या नडगीत रुतली. चार टाके पडले. टेबलाखालची पोकळी मी कधी पत्र्याने झाकली नव्हती, आता झाकली आहे.

एक टिप निघाली की तिच्या मागच्या दाताला दुप्पट लाकूड एकदम कापावे लागते आणि त्या झटक्यानेच लाकूड फेकले जाते, हे मला ठाऊक होते. टिप मुळात का निघाली हे मात्र रंग उतरवल्यावरच कळले. आमच्याकडे येणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांनी कटर लाकडी दांडीवर अडकवून पटाशीच्या मुठीने हलकेच ठोकला. त्याचा आवाज मडक्याच्या खापरासारखा बद्द आला. मग त्यांनी माझे जुने ब्लेड तसेच ठोकून दाखवले, ते घंटेसारखे घुमले. "आईक रे भाऊ, पातं बोलस," असे ते म्हणाले. थिनरने निळा रंग पुसल्यावर दोन दातांमधल्या खाचेपासून भोकाकडे गेलेली बोटभर लांबीची भेग दिसली. ती वेल्डिंगने भरून वरून घासली होती. त्या उष्णतेनेच चकती वाकली असावी, असे आबांचे मत पडले. तीन टिपांची उंची इतरांपेक्षा वेगळी होती आणि त्यांच्या ब्रेझिंगची, म्हणजे टिप दाताला जोडणाऱ्या वितळवलेल्या धातूची, झाळ एका बाजूला फुगीर, तर दुसऱ्या बाजूला पोकळ होती. मूळ कोरीव मजकूर ग्राइंडरने खरवडून टाकलेला होता. कोणीतरी टाकून दिलेला कटर रंगवून मला नवा म्हणून विकला होता.

दुकानदाराने माल आपला नसल्याचे सांगितले. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेला माल येत नाही, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला ती आडकाठी नाही, हे आपल्यासारख्या कारागिरांनी लक्षात ठेवावे. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही. पक्के बिल असते, तर माझे काम पुष्कळ सोपे झाले असते.

उरलेल्या पट्ट्या मी जुन्या ब्लेडनेच केल्या. गाईड (ब्लेडला समांतर लावलेला, पट्टी टेकवायचा अडसर) एकदा लावून पट्टी चालवायची, मग टोक फिरवून दुसरी बाजू गाईडला टेकवून पुन्हा चालवायची. खोबणी आपोआप बरोबर मध्ये येते. खोली आधी 6 मिलिमीटर आणि मग 12. ब्लेडमागची पोलादी पट्टी (कापलेले लाकूड ब्लेडला आवळू नये म्हणून असते ती) दातांच्या टोकापेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवली, तर खोबणी काढतानाही ती काढावी लागत नाही. आठ इंची कटरसाठी मी ती उतरवली होती, कारण दहा इंची ब्लेडच्या मापाची पट्टी त्याच्याहून उंच राहून लाकूड अडवत होती. कंगव्यासारखी दाबपट्टी ब्लेडच्या अलीकडेच लावतो, कारण ती ब्लेडच्या बाजूला आली तर खोबणी मिटून ब्लेड आवळते. दोन फेऱ्यांना वेळ लागला, पण एकूण उशीर फक्त दीड दिवसाचा झाला.

परवा ओळखीच्या एकाने त्या दुकानात जाऊन पाहिले, तेव्हा भिंतीवर असे आणखी पाच कटर टांगलेले होते. जाड निळा रंग, तोही दातांच्या मधल्या खाचांत साचलेला. कोरलेल्या अक्षरांऐवजी कागदी स्टिकर. आणि 30 च्या भोकात हाताने सहज फिरणारा सैल बुश. खान्देशात कुठेही असा माल समोर आला तर आधी नखाने त्या खाचेतला रंग खरवडून पाहावा.