घरच्या हवाईयन मेजवानीसाठी कालुआ पोर्क की हुलीहुली चिकन?

घरी हवाईयन पद्धतीची मेजवानी, म्हणजे लुआउ, करायचे ठरले की बाकीच्या पदार्थांची यादी फारशी अडत नाही. मॅकरोनी सॅलड, टोमॅटो-कांदा घातलेले खारवलेल्या माशाचे लोमी सामन आणि नारळाच्या दुधाचा हाउपिया हा गोड पदार्थ आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवता येतात, आणि भात ऐनवेळी लावला तरी चालतो. प्रश्न उरतो तो मुख्य पदार्थाचा. आम्हा कॅलिफोर्नियातल्या मंडळींची चर्चा बहुधा दोन पदार्थांपाशी येऊन थांबते: मंद आचेवर तासन् तास शिजलेले कालुआ पोर्क, किंवा अंगणातल्या ग्रिलवर भाजलेले हुलीहुली चिकन. मी दोन्ही वेगवेगळ्या वेळी पाहुण्यांना वाढले आहेत आणि दोन्हींना दाद मिळाली आहे; तरीही आता कोणी विचारले तर माझे उत्तर एका बाजूला झुकते.

दोन्ही पदार्थ अस्सल हवाईचेच आहेत, पण त्यांचे वय फार वेगळे आहे. कालुआ ही जमिनीतल्या भट्टीची, म्हणजे इमूची, जुनी रीत आहे. खड्ड्यात कियावे नावाच्या झाडाच्या लाकडांवर लाव्हाचे दगड तापवायचे, त्यांवर केळीचे ठेचलेले सोपट आणि टी नावाच्या झुडपाची हिरवी पाने अंथरायची, अख्खे डुक्कर ठेवायचे आणि वरून ओली पोती व माती घालून सारे झाकून टाकायचे. रायगडकडची पोपटी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना पाल्याची वाफ आणि धूर एकत्र मुरल्यावर काय चव येते हे वेगळे सांगायला नको. हुलीहुली चिकन त्यामानाने कालचे आहे. होनोलुलूतले कोंबड्यांचे व्यापारी अर्नेस्ट मॉर्गाडो यांनी 1955 मध्ये शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात शोयू (सोया सॉस), साखर आणि आल्याच्या रसात मुरवलेले चिकन भाजून वाढले आणि तेथून ते बेटांवर पसरले. आजही शाळा आणि चर्च निधी जमवण्यासाठी मोकळ्या जागेत लांबच लांब भट्ट्या लावून ते विकतात.

पहिल्या घासाची चव हाच निकष लावायचा असेल, तर चिकन जिंकते, हे मान्य करायला हवे. कडांना किंचित करपलेली साल, आले-लसणाचा वास आणि शोयूचा खारटगोडपणा आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटतो. कालुआ पोर्कमध्ये मीठ आणि धूर यांखेरीज फारसे काहीच नसते, त्यामुळे मसाल्याची सवय असलेल्या पाहुण्याला ते प्रथम थोडे सपक वाटू शकते. मात्र ते एकटे खायचे नसतेच. शेजारी आंबट, गार लोमी सामन असावे, आणि मिरची, लसूण, मीठ व व्हिनेगर पाण्यात मुरवून केलेले हवाईचे तिखट पाणी बाटलीत भरून टेबलावर ठेवावे. ताटात हे तिन्ही एकत्र आले की मिठाधुराचा तो साधेपणा मला अधिक समाधान देतो. अर्थात हा आवडीचा भाग झाला.

माझा निर्णय चवीवर झालाच नाही. हुलीहुलीची जी अडचण मला खटकली, ती घरच्या ग्रिलशी संबंधित आहे. हवाईतल्या त्या मोठ्या भट्ट्यांवर कोंबड्या दोन जाळ्यांमध्ये दाबून बसवलेल्या असतात आणि दोघे जण दोन टोकांना धरून अख्खी जाळी एका दमात उलटतात. घरी चिमट्याने एकेक तंगडी उलटावी लागते. रसात साखर भरपूर असल्यामुळे दर दोनचार मिनिटांनी ती उलटून वरून पुन्हा रस लावावा लागतो; चरबी निखाऱ्यांवर ठिबकली की जाळ वर येतो आणि हाडाजवळचे मांस 74 अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचायच्या आत साल काळी पडायला लागते. म्हणून यजमानाला तेथून हलता येत नाही. त्याची पाठ पाहुण्यांकडे आणि तोंड धुराकडे, अशी सगळी संध्याकाळ जाते. त्यातही मला अधिक बोचले ते असे की साधारण ग्रिलवर एका वेळी दहाबारा तुकडेच मावतात, त्यामुळे चिकन घाण्याघाण्याने बाहेर येते. मुलांचे जेवण उरकते तेव्हा मोठ्यांचे सुरू व्हायचे असते, आणि शेवटचा घाणा उतरेपर्यंत पहिल्यांचे हात वाळलेले असतात. सर्वांनी एकाच पंगतीला बसून जेवावे, एवढ्यासाठीच मी माणसे बोलावतो; तेच साधत नसेल तर चिकन कितीही उत्तम झाले तरी माझे मन भरत नाही. चिकन आधी ओव्हनमध्ये शिजवून शेवटी फक्त ग्रिलवर टाकण्याचा तोडगा काही जण सुचवतात. त्याने वेळ वाचतो हे खरे, पण धुराची चवही बरीचशी वाचवलेल्या वेळाबरोबरच जाते, असे मला तरी जाणवले.

कालुआ पोर्कमध्ये मेहनत जवळजवळ सगळी आदल्या रात्री संपते. हाडासकट खांद्याचा अडीच ते तीन किलोंचा तुकडा घ्यावा, त्याला काट्याने सगळीकडून टोचावे आणि दीड मोठा चमचा जाडे मीठ चोळावे. तांबूस मातीचे हवाईचे अलाएया मीठ मिळाले तर फारच चांगले. खड्ड्यातला धूर घरी आणता येत नाही, त्यासाठी एक मोठा चमचा लिक्विड स्मोक, म्हणजे बाटलीत मिळणारा धुराच्या चवीचा द्रव, पुरतो. केळीची गोठवलेली पाने भारतीय, मेक्सिकन किंवा फिलिपिनो दुकानात मिळतात. ती बर्नरच्या ज्योतीवरून सावकाश फिरवली की फिका हिरवा रंग एकदम गडद आणि तकतकीत होतो, पान लवचिक बनते आणि घडी घालताना चिरत नाही. त्यात मांस गुंडाळून स्लो कुकरमध्ये मंद आचेवर सोळा तास ठेवावे, किंवा पानांवरून फॉइल गच्च बांधून ओव्हनमध्ये 165 अंशांवर सुमारे पाच तास. आतले तापमान 93 अंशांच्या आसपास गेले की हाड नुसते ओढले तरी स्वच्छ निघून येते आणि दोन काट्यांनी मांसाचे धागे सुटतात. तळाशी साचलेला रस त्यातच परत कालवावा. हे विसरले तर मांस कोरडे लागते. पाहुणे तासभर उशिरा आले तरी या पदार्थाचे काही बिघडत नाही, आणि एवढे मांस भात-सॅलडसोबत बारापंधरा जणांना माझ्या अनुभवाने व्यवस्थित पुरते. संख्या वाढली तर शेवटी चिरलेला कोबी घालून ते वाढवता येते, आणि हवाईतही तसे सर्रास करतात.

पोर्क न खाणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत, त्यामुळे हा मुद्दा बाजूला सारून चालणार नाही. पण त्यासाठी लगेच ग्रिलकडे वळावे लागते असे मला वाटत नाही. हवाईत टर्कीही कालुआ पद्धतीने शिजवतात. त्याच धर्तीवर चिकनच्या तंगड्या मीठ-धूर लावून पानात बांधल्या तर ओव्हनमध्ये दोनेक तासांत धाग्यासारख्या मऊ होतात. शाकाहारी पाहुण्यांसाठी नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पाने करावीत. तेथे त्यांत बहुधा माखूळ घालतात, तो वगळला तरी पदार्थ पूर्ण लागतो. खाज जावी म्हणून आपण चिंच किंवा कोकम घालतो, तर हवाईत पाने तासाहून अधिक वेळ शिजवण्यावर भर असतो. मी दोन्ही करतो.

अननसाचा मात्र अतिरेक टाळावा. ते फळ मूळचे हवाईचे नाही. जेम्स डोल यांनी 1901 मध्ये तेथे कंपनी काढल्यानंतर ते बेटांची ओळख बनले, आणि अननसाचा हवाईयन पिझ्झा तर 1962 मध्ये कॅनडात जन्माला आला. जेवणानंतर ताज्या फोडी द्याव्यात, तेवढे पुरे.

पाहुणे पाचसहाच असतील, सगळे चिकन एका घाण्यात मावणार असेल आणि ग्रिलभोवतीच खुर्च्या टाकून गप्पा होणार असतील, तर हुलीहुली अवश्य करावे. माझी तक्रार तेथे लागू पडत नाही. रसात अननस घालायचा असल्यास डब्यातला रस वापरावा, कारण ताज्या रसातले ब्रोमेलेन हे मांस विरघळवणारे विकर (एन्झाइम) रात्रभरात मांसाचा लगदा करते, तर डब्यातल्या रसातले ते उष्णतेने निष्प्रभ झालेले असते. दहाच्या वर माणसे असतील तर मी आदल्या रात्री स्लो कुकर लावून निश्चिंत झोपणे पसंत करतो.