सागाच्या भावाने पाइन: माझे १,५५,०९९ रुपये कसे गेले

मी बँकेत एकतीस वर्षे कर्जदारांची कागदपत्रे तपासली आणि निवृत्तीनंतर स्वतःच्याच घराच्या वळचणीवर फसलो. हे लिहिताना लाज वाटते. परंतु तो ठेकेदार अजूनही जुन्या कौलारू घरांच्या फाटकांपाशी थांबून वर बघत हिंडतो आहे, म्हणून लिहितो.

सहकारनगरातले आमचे घर वडिलांनी पानशेतच्या पुरानंतर, १९६४ मध्ये बांधले. दुपाखी छप्पर, मंगलोरी कौले, आणि सागवानी वाशांची टोके भिंतीबाहेर दोन फूट उघडी. त्या टोकांवरची जुनी झालर, म्हणजे टोके झाकणारी लाकडी फळी, कुजली होती. ठेकेदार तिला ‘फॅशिया’ म्हणत असे. “काका, सागाची झालर बाजारात फुटाला नऊशे चालू आहे, तुम्हाला सहाशेवीसने करतो,” इथपासून पुढचा डाव वाचकांना वेगळा सांगायला नको. २१२ रनिंग फुटांचे १,३१,४४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २३,६५९, एकूण १,५५,०९९. त्यांपैकी ८०,००० आगाऊ दिले, ५०,००० माल उतरल्यावर आणि २५,०९९ काम संपल्यावर. दोन वळचणी प्रत्येकी ४२ फूट आणि त्रिकोणी भिंतींवरच्या चार उतरत्या कडा प्रत्येकी १८ फूट, म्हणजे सगळी झालर १५६ फूट भरते. हा हिशेब मी ऑगस्टमध्ये केला. टेप घरातच होती. ठेकेदाराच्या हातात ती देण्याआधी स्वतः धरा.

ज्या क्षणी कळायला हवे होते, तो क्षण मला रोज आठवतो. फळ्या टेम्पोतून उतरल्या त्या आधीच चारही अंगांनी गडद पॉलिश केलेल्या होत्या, आणि दहा फुटी फळी एक पोरगा एका हाताने खांद्यावर टाकत होता. अंगणात करवत चालू झाली आणि ओट्याच्या पायरीवर तांदळाच्या पिठासारखा पांढुरका भुसा साचला. त्याला टर्पेंटाइनसारखा वास येत होता. सौ. चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, सागाचा भुसा पांढरा कसा?” ठेकेदार हसून म्हणाला, “काकू, नवीन साग आहे, हवा लागली की रंग धरतो.” ताजा कापलेला साग हवेने गडद होतो, हे खरेच आहे, खोटे खपवायला एवढे खरे पुरते. मी तिलाच म्हणालो, “तुला लाकडातले काय कळते?” हे वाक्य मला १,५५,०९९ रुपयांपेक्षा महाग पडले आहे.

माझी बाजू एवढीच, की त्याने छापील बिल दिले होते आणि शिक्का पाहिला की माझी पिढी निवांत होते. बिलावरचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, २९ म्हणजे कर्नाटक. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नाव फुकट दिसते. ते मी पैसे गेल्यावर पाहिले, आणि नाव भलत्याच कोणाचे तरी निघाले.

काम १७ मे २०२५ रोजी संपले. त्या वर्षी पाऊस मेअखेरीसच पुण्यात दाखल झाला. जुलैपर्यंत फळ्या पन्हळीसारख्या वाकल्या, त्यांवर काळी बुरशी धरली आणि खिळ्यांखालून गंजाचे ओघळ आले. शेवटच्या ओळीची कौले फळीच्या पुढे यायला हवीत, म्हणजे पागोळ्या बाहेर पडतात. याने फळी इतकी पुढे ठोकली होती की पाणी तिच्या मागून थेट वाशांच्या टोकांवर उतरत होते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री आणले. त्यांनी फळीवर रंधा एकदाच फिरवला. पॉलिशखाली पांढरे पाइन, पॅकिंगच्या खोक्यांचे असते तसे. नंतर त्यांनी एका वाशाच्या टोकात स्क्रूड्रायव्हर घातला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. नऊ टोके आधीपासून कुजलेली होती. ठेकेदाराने त्यांत पुट्टी भरून वरून रंग दिला होता. झालर लागण्याआधी प्रत्येक टोकाचा फोटो काढा. कापलेल्या टोकांना आणि फळीच्या मागच्या बाजूला तेल किंवा प्रायमर लागल्याशिवाय एकही खिळा ठोकू देऊ नका, आणि लाकूड बिनपॉलिशचेच मागवा. आता नऊ टोके कापून तिरक्या जोडाने नवे लाकूड बसवायचे ३७,८०० रुपये वेगळे.

पोलीस चौकीत चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला “साहेब बंदोबस्ताला गेलेत”. दुसऱ्या खेपेला मलाच विचारले, “त्याने काम केले आहे ना? मग फसवणूक कसली, ही दिवाणी बाब आहे.” सागाचे पैसे घेऊन पाइन लावणे ही दिवाणी बाब असेल, तर पितळ सोने म्हणून विकणाऱ्यालाही मोकळे सोडावे! भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ मी छापूनच नेले होते. ते त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवले. तिसऱ्या खेपेला ठेकेदाराचा पत्ता आणायला सांगितले, जणू तो शोधणे माझे काम. चौथ्या खेपेला अर्जाच्या प्रतीवर पोच मिळाली, तीही पाऊण तास उभे राहिल्यावर. तोंडी तक्रार करून परत येऊ नका, पोच घ्याच.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतो आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पुरावा म्हणून एका फळीचा फूटभर तुकडा मी काल ओट्यावर बसून कापला. सौ. दारात उभी होती. भुशाकडे पाहून ती काहीच बोलली नाही.