साबी सँडमधली लॉज : बोनेटवरच्या खुर्चीचे पैसे

सफारी लॉजच्या जाहिरातीत पहिला फोटो काचेसमोरच्या बाथटबचा असतो, दुसरा खोलीपुढच्या इवल्याशा तलावाचा, तिसरा कंदिलांच्या उजेडातल्या जेवणाच्या टेबलाचा. गाडीच्या बोनेटवर डाव्या कोपऱ्यात बसवलेली साधी खुर्ची क्वचितच कुणी दाखवतं. दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँडमध्ये राहण्यासाठी जे भरमसाट पैसे मोजावे लागतात, त्यातले मोठे पैसे त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचे, म्हणजे जनावरांचा माग काढणाऱ्या ट्रॅकरचे असतात, आणि त्याची गाडी जिथवर जाऊ शकते त्या जमिनीचे. लॉज निवडताना हे ध्यानात ठेवलं तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम कडेला लागून असलेलं हे खासगी अभयारण्य सुमारे 65 हजार हेक्टरांचं आहे. दोघांमधलं कुंपण 1993 साली काढलं, तेव्हापासून जनावरांना हद्द उरली नाही. माणसांना मात्र आहे. साबी सँड म्हणजे अनेक मालकांच्या जमिनींचा एकत्र गठ्ठा, आणि प्रत्येक लॉजच्या गाड्यांना ठरावीक तुकड्यांतच फिरता येतं. बिबट्या ओढा ओलांडून शेजाऱ्याच्या जमिनीत शिरला की गाडी अलीकडे थांबते. रेंजर, म्हणजे गाडी चालवणारा वाटाड्या, नाइलाजाने हसतो, आणि पुढचा अर्धा तास दुसरं काहीतरी शोधण्यात जातो. हे लहान जमिनीच्या लॉजवर वारंवार घडतं. मालामालासारख्या एकट्याकडेच सुमारे 13,300 हेक्टर असलेल्या ठिकाणी फार कमी वेळा. म्हणून चौकशीच्या ईमेलमध्ये पहिला प्रश्न खोलीचा नसावा. तुमच्या गाड्या किती हेक्टरांवर फिरतात, त्यात साबी किंवा सँड नदीचा काठ येतो का, हे विचारावं. नदीकाठची दाट झाडी हे बिबट्याचं घर, आणि साबी सँडचं नाव बिबट्यांमुळेच झालं आहे. इथले बिबटे गाड्यांना पिढ्यान्‌पिढ्या सरावलेले आहेत. रेंजर मंडळी प्रत्येकाला मिशीच्या सगळ्यांत वरच्या ओळीच्याही वर असलेल्या ठिपक्यांवरून ओळखतात, उजव्या गालावर किती आणि डाव्या गालावर किती असं मोजून. तुमच्या रेंजरने बिबट्याला असं ओळखून त्याचं कूळ सांगितलं तर माणूस कामाचा आहे असं समजा.

गाडी म्हणजे बहुधा वरून उघडी लँड क्रूझर, मागे तीन रांगा, प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा उंच. पुढे रेंजर चालवतो. बोनेटवरचा ट्रॅकर पुष्कळदा आसपासच्या शांगान जमातीच्या गावांतला असतो. तो माग काढतो, म्हणजे नुसते ठसे पाहत नाही. पंज्याच्या कडा अजून धारदार आहेत की वाऱ्याने बसल्या, ठशावर किड्याची रेघ गेली आहे का, दव ठशाच्या आत आहे की ठशाने मोडलं आहे, यावरून जनावर रात्री गेलं की आत्ता हे ठरवतो. मग इंपाला हरणं कुठे बघत उभी आहेत, खार कुठे चिरकते आहे यावर कान ठेवून दिशा धरतो. काही स्वस्त लॉजवर ट्रॅकर नसतोच, रेंजर एकटा गाडीही चालवतो आणि जमिनीकडेही पाहतो. दरातला फरक इथेच वसूल होतो, म्हणून ‘प्रत्येक गाडीवर ट्रॅकर आहे का’ हा दुसरा प्रश्न. तिसरा, गाडीत जास्तीत जास्त किती पाहुणे? एका रांगेत दोघं असतील तर उत्तम. तिघं असतील तर मधल्याला दोन्हीकडून डोकी दिसतात.

जनावराभोवती गाड्यांची गर्दी होऊ नये म्हणून एका वेळी साधारण तीनच गाड्या, हा इथला पाळला जाणारा नियम आहे. बाकीच्या रेडिओवर नंबर लावून दूर थांबतात. रेडिओवर ‘इंग्वे’ ऐकू आलं की बिबट्या, ‘न्गाला’ म्हणजे सिंह. पाहुण्यांच्या अपेक्षा उगाच वाढू नयेत म्हणून ही भाषा, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळायला लागते. गर्दीच्या दिवसांत नंबर यायला वेळ लागतो आणि आल्यावर वीसेक मिनिटांत जागा सोडावी लागते. ज्या लॉजची जमीन सामायिक नाही तिथे हा ताण कमी असतो.

खुर्ची कुठली धरावी? फोटोसाठी रेंजरच्या शेजारची किंवा पहिली रांग, कारण तिथून नजर जनावराच्या पातळीला येते. मागची रांग उंच, दूरचं छान दिसतं, पण धक्के तिथेच जास्त. गाडी झुडपांतून घुसते तेव्हा काटेरी फांद्यांचा मारही तिथेच. हात आत ठेवा आणि ‘फांदी’ अशी हाक आली की वाका. उभं मात्र राहू नये. जनावरं गाडी आणि त्यातली माणसं मिळून एकच आकार धरतात, त्यातून कुणी उठून दिसलं की तो आकार मोडतो. लेन्स 100–400 मिलिमीटरची पुरे. गाडीला इथे रस्ता सोडून झुडपात जाता येतं, त्यामुळे बिबट्या पुष्कळदा आठ-दहा मीटरवर असतो आणि 600 ची लेन्स घेऊन बसलेला माणूस नुसते कान टिपतो. तिपाई उघडायला जागा नसते. तांदूळ किंवा कडधान्य भरलेली कापडी पिशवी दांड्यावर ठेवावी आणि इंजिन बंद करायला सांगावं, नाहीतर डिझेलची थरथर फोटोत उतरते.

दोन फेऱ्या असतात. सकाळची उन्हाळ्यात पाचच्या सुमारास, थंडीत सहाच्या आसपास. संध्याकाळची साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान निघते आणि अंधार पडल्यावर स्पॉटलाइटसह परतते. प्रत्येकी तीन-साडेतीन तास. स्पॉटलाइट हत्तीच्या किंवा हरणांच्या डोळ्यांवर मारणारा रेंजर वाईट. दिवसा वावरणारी जनावरं त्याने क्षणभर आंधळी होतात आणि शिकार होण्याचा धोका वाढतो. दोन रात्रींत चार फेऱ्या होतात, तीन रात्रींत सहा. चार फेऱ्यांत एखादी पावसात किंवा वाऱ्यात वाया गेली की हिशेब बिघडतो. जोराच्या वाऱ्यात शिकारी आणि शिकार दोघंही झाडीत दडून राहतात. म्हणून महागड्या लॉजवर दोन रात्री राहण्यापेक्षा जरा साध्या लॉजवर तीन रात्री राहणं केव्हाही बरं.

ऋतूबद्दल लॉजवाले ‘प्रत्येक महिना सुंदर’ म्हणतात. त्यांचा धंदा आहे. मे ते सप्टेंबर कोरडा काळ: गवत बसलेलं, पानं झडलेली, जनावरं पाण्याकडे येणारी. जून ते ऑगस्टमध्ये रानकुत्र्यांची पिल्लं बिळात असतात, बीळ जवळपास असेल तर कळप हमखास दिसतो. एरवी रानकुत्री एका दिवसात कुठल्या कुठे निघून जातात. या काळातली पहाट मात्र कडक. तापमान दहा अंशांच्या खाली, आणि उघड्या गाडीत वारा अंगावर. लॉज ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी देतं, तरी कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट आपलं न्यावं. नोव्हेंबर ते मार्च पावसाचा: हिरवंगार रान, इंपालाची पाडसं, पक्षी भरपूर, आणि पारा चाळिसाकडे. पावसानंतर ओढ्याकाठची जमीन चाकांनी फाटते म्हणून रस्ता सोडून जाणं थांबवतात. अशा दिवशी समोर तीस मीटरवर बिबट्या असूनही गाडी रस्त्यावरच उभी. रेंजरशी वाद घालू नये, त्याचं बरोबर असतं. चित्ता पाहायचाच असेल तर साबी सँडवर भिस्त ठेवू नका. झाडी दाट आणि सिंह फार, दोन्ही त्याला नको असतं.

आता खोली. गवती छपराची खोली देखणी दिसते, पण उंच छपराखाली वातानुकूलन यंत्र जानेवारीच्या दुपारी हरतं. पलंगाजवळ वेगळा पंखा आहे का ते विचारा. छपरातून बारीक भुसा गळतो आणि पाली राहतात, त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. दाराची कडी नीट लावणं मात्र तुमच्या हातात आहे: व्हर्वेट माकडं आणि बबून सरकती दारं उघडायला शिकलेली आहेत आणि मिनी बारमधले बिस्किटांचे पुडे त्यांना पाठ आहेत. खोलीपुढच्या तलावात हत्ती सोंड घालून पाणी पितो हे खरंच घडतं. त्या वेळी कठड्याजवळ न जाता आत राहायचं. बऱ्याच लॉजभोवती कुंपण नसतं, त्यामुळे अंधार पडल्यावर रखवालदाराशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकायला बंदी असते. गुडघे दुखणाऱ्यांनी मुख्य इमारतीजवळची खोली आधीच मागून घ्यावी; टोकाची खोली शांत असते, पण दिवसातून सहा वेळा लाकडी पुलावरून ये-जा करावी लागते. बाथटब? पहाटे उठणं, फेरी, न्याहारी, दुपारची झोप, पुन्हा फेरी, यात तो वापरायला वेळच उरत नाही.

दक्षिण आफ्रिकेचा जुना प्लग जाड तीन गोल पिनांचा, टाइप एम. खोलीत बहुधा अडॉप्टर असतो, पण कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या दोन असतील तर एक आपला न्यावा.

जेवण चांगलं आणि फार. पहाटे कॉफीबरोबर रस्क, फेरीच्या मध्ये थांबून पुन्हा कॉफी, परतल्यावर भरपेट न्याहारी, दुपारचं खाणं, संध्याकाळी मावळतीला पेय आणि बिल्टाँग (वाळवलेलं मसालेदार मांस), रात्री बोमात, म्हणजे कुंपणाच्या उघड्या अंगणात, शेकोटीभोवती ब्राय (निखाऱ्यांवर भाजलेलं मांस). मांसाहारींची चैन आहे. शाकाहारींनी काय चालतं आणि काय नाही हे बुकिंगच्या वेळी लिहून द्यावं, अंड्याचा आणि मटणाच्या रश्शाचाही उल्लेख करून. माल बाहेरच्या गावांतून येतो, संध्याकाळी सांगितलेलं रात्री मिळेलच असं नाही. नीट सांगितलं तर स्वयंपाकघर मनापासून करतं, फक्त तिसऱ्या दिवशी भोपळा आणि मशरूम पुन्हा भेटतात.

पोहोचायचं कसं? जोहान्सबर्गहून क्रूगरमधल्या स्कुकुझाला विमान साधारण तासाभराचं, पुढे लॉजपर्यंत गाडी. थेट लॉजच्या धावपट्टीवर उतरणारं छोटं सेसना विमान घेतलं तर सामान हातातल्या पिशवीसकट 20 किलो आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक सूटकेस पोटात मावत नाही आणि ती मागे राहते. स्वतः गाडी चालवायची असेल तर हेझीव्ह्यू गावामार्गे शॉज किंवा न्यूइंग्टन गेट, उत्तरेकडच्या लॉजना गाउरी गेट. चुकीच्या गेटला पोहोचलं की मोठा वळसा पडतो. रस्त्यावर गुरं, माणसं आणि गतिरोधक. गेट ठरावीक वेळी बंद होतं, म्हणून दुपारी तीनच्या आत पोहोचायचं ठरवावं. संध्याकाळची फेरीही मग हुकत नाही.

दर माणशी रात्रीला दहा हजार रँडच्या (दक्षिण आफ्रिकेचं चलन) आसपास सुरू होतो आणि नामांकित ठिकाणी तीस-चाळीस हजारांच्याही पुढे जातो. हा दर दोघांनी खोली वाटून घेतल्यावरचा. एकट्या माणसाला वर भर पडते. त्यात राहणं, जेवण, दोन फेऱ्या आणि बहुतेक पेयं येतात. गेटची फी, संवर्धन शुल्क, स्पा, परदेशी शँपेन आणि टिप वेगळी. टिप रेंजरची, ट्रॅकरची आणि उरलेल्या कर्मचाऱ्यांची अशी तीन ठिकाणी द्यायची असते. रक्कम लॉजच्या माहितीपत्रकात असते. ट्रॅकरची पाकिटं पातळ असतात, हे योग्य नाही. गाडी फक्त आपल्यासाठी हवी असेल तर तिचं भाडं दिवसावर लागतं. चौघांचं कुटुंब किंवा फोटोवाला गट असेल तर हा खर्च खोलीचा दर्जा वाढवण्यापेक्षा जास्त कामी येतो, कारण नाहीतर पक्षीवेडा आणि सिंहवेडा एकाच गाडीत बसून एकमेकांचा वेळ खातात. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना फेरीवर नेत नाहीत अशी बऱ्याच लॉजची अट आहे, तीही बुकिंगआधी पाहावी.

पैसे आखडते असतील तर क्रूगरच्याच स्कुकुझा किंवा लोअर साबी कॅम्पमध्ये राहून स्वतःच्या गाडीने फिरता येतं. जनावरं तीच. फक्त रस्ता सोडता येत नाही, डांबरी रस्त्यावर 50 आणि मातीच्या रस्त्यावर 40 ची मर्यादा, आणि अंधार पडायच्या आत फाटकात परत. दोन रात्री तिथे आणि तीन रात्री साबी सँडमध्ये, हा क्रम उलटा करू नये. ट्रॅकरची सवय लागल्यावर स्वतः शोधणं फार एकाकी वाटतं.

हा भाग मलेरियाचा आहे, धोका सप्टेंबर ते मेमध्ये. गोळ्या डॉक्टरांकडून आधीच घ्याव्या. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस चालू ठेवावी लागते, आणि शेवटच्या या सात दिवसांतच लोक विसरतात. मुलांना घेऊन जाताना ही कटकट नको असेल तर नॉर्थ वेस्ट प्रांतातलं मदिक्वे अभयारण्य मलेरियामुक्त आहे, पण बिबट्या तिथे साबी सँडइतका सहज दिसत नाही.

गेंड्याचा फोटो काढला तर फोनमधलं ठिकाण नोंदवणं आधी बंद करावं आणि लॉज सोडेपर्यंत तो फोटो कुठेही टाकू नये. रेंजर हे सांगतो तेव्हा बहुतेक जण मान डोलावतात आणि रात्री वायफाय मिळताच टाकून मोकळे होतात. चोरट्या शिकाऱ्यांच्या टोळ्यांना एवढी माहिती पुरते.