पॉलिमर क्ले, आठ महिन्यांनंतर: स्टॉलपासून काचेच्या कपाटापर्यंत

जूनमध्ये पहिली दोन पाकिटं आणली ती सोसायटीच्या दिवाळी स्टॉलसाठी कानातले करायला. मग एका संग्रहालयाच्या छोट्या गॅलरीत पारंपरिक दागिन्यांच्या नव्या रूपांचं प्रदर्शन ठरलं, माझी ठुशी आणि बुगड्या निवडल्या गेल्या, आणि सगळंच पुन्हा शिकावं लागलं.

आधी भाजणी. ही माती म्हणजे मुळात पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर. भट्टी लागत नाही, घरचा ओटीजी पुरतो. फिमो ब्रँडची माती ११० अंशांवर भाजायची, प्रीमो ब्रँडची १३०वर, साधारण अर्धा तास. मी डायल १३०वर फिरवून मोकळी व्हायचे. पांढरे मणी नानकटाईसारखे तांबूस निघायला लागले तेव्हा आत थर्मामीटर ठेवून पाहिला, तर १५५! आठ महिन्यांतली सगळ्यात उपयोगी खरेदी तीच. फार तापलं की पीव्हीसी जळून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, म्हणून खिडकी उघडी हवीच. कमी भाजलं तर मणी दिसायला ठीक, पण दाब पडला की कटकन तुटतो. सासूबाईंनी त्या ओटीजीतलं काहीही खाणं केव्हाच सोडलंय, आणि बरोबरच आहे त्यांचं.

ठुशीचे मणी एकमेकांना खेटून बसतात, त्यामुळे एक जरी मोठा झाला तरी ओळ वाकते. नजरेच्या अंदाजाने सारखे गोळे होत नाहीत. पास्ता मशीनमधून एकाच जाडीची पट्टी काढायची, छोट्या गोल कटरने चकत्या पाडायच्या, एका चकतीचा एक मणी. भोक टूथपिकने, अर्धं या बाजूने, अर्धं त्या बाजूने. एका दमात आरपार घातलं की पलीकडची कड फाटून वर येते. स्टॉलवर कोणी पाहत नाही. कपाटात दिवा नेमका तिथेच पडतो.

जुलैत रात्रभर टाइलवर उघडे राहिलेले मणी भाजल्यावर आतून चंद्रकोरीसारखे फिकट डाग दिसायचे. मुंबईच्या दमट हवेवर संशय आला. त्याच दिवशी भाजायला लागल्यापासून डाग बरेच कमी झालेत. चमकेसाठी मारलेल्या स्प्रे लॅकरने मात्र दगा दिला. तेव्हा वाळलेला वाटला, आणि दोन महिन्यांनी बुगड्या बटर पेपरला चिकटून बसल्या. लॅकर सोडलं. आता ४०० ते २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), पाण्यात बुडवून, मग जुन्या जीन्सच्या तुकड्याने घासणं. हात भरून येतात, पण चकाकी मातीचीच दिसते.

संग्रहालयात पहिलं वाक्य ऐकलं ते, ‘मागची बाजू दाखवा.’ दुसरं, ‘कशाचं आहे?’ पीव्हीसी म्हटल्यावर तिथल्या संवर्धक बाईंनी भुवया उंचावल्या. पीव्हीसीतून सावकाश आम्लाची वाफ सुटू शकते, ती शेजारच्या धातूला खाते. ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ साली अँड्र्यू ऑडी यांनी यासाठीच चाचणी काढली: वस्तूचा तुकडा आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या एका बंद भांड्यात, ६० अंशांवर २८ दिवस. मी तेवढी वाट पाहिली नाही. माझे दागिने चांदीच्या जुन्या दागिन्यांपासून दूर, वेगळ्या कपाटात गेले, आणि बुगड्यांच्या चांदीचा मुलामा दिलेल्या तारा काढून मी स्टीलच्या घातल्या. वाईट वाटलं खरं. पण अमेरिकेत रसीन आर्ट म्युझियमने २०११ मध्ये फक्त पॉलिमरचंच मोठं प्रदर्शन भरवलं होतं, तेव्हा माती मुळात अस्पृश्य नाही.

पुन्हा घेईन? घेईन. फक्त पांढरी वेगळ्या डब्यात, आणि सकाळी सगळ्यात आधी तीच मळायची. काळ्या मातीनंतर हात कितीही धुतले तरी पांढऱ्यात एक करडा धागा येतोच. आमच्या सुती टॉवेलचा आहे तो, परवा भिंगातून पाहिलं.