ऑक्स लाईटचं तयार हार्नेस किट: रिले ठेवा, वायर बदला

पावसाळा सरता सरता घोडबंदर रोड आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या मोटरसायकलींचे ऑक्स लाईट, म्हणजे हेडलाईटजवळ वेगळे लावलेले जादा दिवे, एकेक करून बंद पडायला लागतात. दुकानात गेलं की नवीन जोडी समोर ठेवली जाते. खरं तर एलईडी सहसा शाबूत असतो. खड्ड्यांचे हादरे, पाणी आणि खाडीची खारी हवा यांनी बिघडलेलं असतं ते वायरिंग. ते घरी बदलण्यासाठी बिनब्रँडचं तयार हार्नेस किट, म्हणजे वायरींचा जोडून ठेवलेला जुडगा, सगळीकडे मिळतं. एक रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), पात्याचा फ्यूज आणि त्याचा होल्डर, हँडलबारवरचा स्विच, दोन लाईटसाठी दोन फाटे आणि कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे प्लग). किंमत साधारण तीनशे ते सातशे रुपये. घेण्यासारखं आहे, पण पाकिटातून काढून तसंच गाडीला लावण्यासारखं नाही.

आधी बिघाड कुठे आहे ते शोधा, कदाचित किट लागणारही नाही. फ्यूज काढून मल्टीमीटरवर तपासा. नुसता डोळ्यांनी पाहू नका, पात्याच्या मुळाशी गेलेला तडा दिसत नाही. मग इग्निशन चालू करून लाईटचा स्विच दाबा आणि रिलेवर बोट ठेवा. रिलेच्या पिनांवर आकडे असतात: ८५ आणि ८६ आतल्या कॉइलच्या, ३० बॅटरीकडची, ८७ लाईटकडची. टक् असं जाणवलं तर कॉइलची बाजू ठीक. नाही जाणवलं तर ८६ वर १२ व्होल्ट येतात का आणि ८५ अर्थला पक्की जोडली आहे का ते बघा. टक् होऊनही उजेड नसेल तर रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ या पिना क्षणभर वायरीच्या तुकड्याने जोडा. लाईट लागले तर रिलेचे कॉन्टॅक्ट जळालेत. नाही लागले तर लाईटच्या काळ्या वायरीपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला एक वेगळी वायर टेकवा. निम्मी प्रकरणं इथेच उघडी पडतात, कारण अर्थ चासीच्या रंगवलेल्या बोल्टखाली दिलेला असतो आणि रंगाखाली गंज धरतो. दोनपैकी एकच लाईट बंद असेल तर रिलेकडे वळूच नका, त्या फाट्याचा कपलर उघडा. पिनेवर हिरवट थर दिसेल.

आता किटकडे. त्यातला रिले हा सगळ्यात चांगला भाग. १२ व्होल्ट, ४० अँपिअर असं लिहिलेलं असतं. वीस-वीस वॉटच्या दोन लाईटना लागतात ४० भागिले १२, म्हणजे साधारण सव्वातीन अँपिअर. त्यामुळे छापलेला आकडा थोडा फुगवलेला असला तरी फरक पडत नाही. कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, म्हणून ८६ ची ट्रिगर वायर (रिले चालू करणारी) टेल लाईटच्या पॉझिटिव्हवरून घ्यायला हरकत नाही. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत हेडलाईट कायम चालू असतो म्हणून ट्रिगर तिथून घेण्याचा मोह होतो. तो टाळा, हेडलाईटच्या वायरिंगला हात न लावलेलाच बरा. रिलेवर आत डायोडचं चिन्ह असेल तर ८६ लाच पॉझिटिव्ह द्या. उलटं जोडलंत तर चालू करताक्षणी फ्यूज उडेल. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला डायोडवालाच रिले घ्यावा. कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज तो तिथल्या तिथे जिरवतो.

फ्यूज मात्र धोकादायक आहे. किटमध्ये बहुधा पिवळा २० किंवा हिरवा ३० अँपिअरचा येतो. एवढ्या बारीक वायरीला तो राखणच देत नाही. वायर कुठे घासून चासीला टेकली तर फ्यूजआधी वायरच पेटेल, आणि ती टाकीखालून गेलेली असते. ४० वॉटच्या जोडीला ५ अँपिअरचा बदामी पुरतो, लाईट चालू होताना तो उडत असेल तर साडेसातचा तपकिरी. होल्डर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत हवा. किटमधला होल्डर कधीकधी मीटरभर लांब असतो, त्याच्या अलीकडच्या सगळ्या वायरीला मग फ्यूजची राखण नाही. कापून जवळ आणा.

सगळ्यात निराशा करते ती वायर. वरून जाड दिसते, पण ती जाडी प्लास्टिकची. टोक सोलून एक तार सुरीने खरवडा. आतून पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा आहे. शुद्ध तांब्याच्या ०.५ चौरस मिमी वायरीत, जाऊन-येऊन तीन मीटर धरले तर, सव्वातीन अँपिअरला साधारण ०.४ व्होल्ट वाया जातात. मुलाम्याच्या वायरीत त्याच्या जवळपास दीडपट. चांगल्या एलईडीचा ड्रायव्हर जास्त प्रवाह ओढून हे भरून काढतो, त्यामुळे उजेड कमी झाल्याचं कळत नाही. कपलर तापतो आणि एक दिवस वितळतो. शिवाय अ‍ॅल्युमिनिअमच्या तारा हादऱ्यांनी आतल्या आत तुटतात. इलेक्ट्रिकलच्या दुकानातून १ चौरस मिमीची बहुतारी तांब्याची लवचीक वायर घ्या, लाल तीन मीटर आणि काळी तीन मीटर. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूजमधून ३० पर्यंत आणि ८७ पासून लाईटपर्यंत लाल, लाईटपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत काळी. चासीचा अर्थ नकोच. ट्रिगरसाठी किटमधली वायर चालेल.

जोड सोल्डर करण्यापेक्षा क्रिंप करा, म्हणजे वायरीचं टोक थिंबलमध्ये (धातूच्या टोपणात) घालून चेपा. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, वायर तिथे कडक होते आणि नेमकी त्या कडेवर तुटते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग पॉइंटही नसतो, तेव्हा क्रिंपिंगची पक्कड सोयीची. साध्या पकडीने चेपलेलं थिंबल ओढलं की निघतं. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. काळी चिकटपट्टी गुंडाळू नका, उन्हात तिचा गोंद सुटतो आणि पाणी आत शिरतं. कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. खाडीलगतच्या पाम बीच रोडवरून रोज जाणाऱ्यांनी हे चुकवूच नये.

काम सुरू करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा, जोडताना तो शेवटी लावा. रिले पिना खाली करून बसवा, वर तोंड असेल तर पाणी साचतं. हँडलच्या मानेपाशी वायरीला सैलपणा ठेवा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. वळणावर लाईट लुकलुकतात ते याच जागेमुळे. टाकी परत बसवताना बोल्टखाली वायर चेपली नाही ना, हेही पाहा.

स्विचबद्दल थोडकंच. त्यातून फक्त कॉइलचा प्रवाह जात असेल तर साधा स्विचही टिकतो. काही स्वस्त किटमध्ये लाईटचा पूर्ण प्रवाह स्विचमधून नेलेला असतो, ते किट घेऊच नका.

लाईटच्या आत वाफ धरली असेल तर वायरिंग सुधारून ती जाणार नाही. मागचं झाकण उघडून उन्हात वाळवा आणि न्यूट्रल प्रकारच्या सिलिकॉनने बंद करा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला गंजवतं.

शेवटी कोन. गाडीवर बसून, भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी सरळ उभी धरा. लाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. झोताचा मध्य त्या रेषेच्या चार इंच खाली पडला पाहिजे. मग बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि लाईटचा पॉझिटिव्ह यांमधलं व्होल्टेज लाईट चालू ठेवून मोजा. ०.३ च्या आत असेल तर वायरिंग उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर एखादा जोड कच्चा राहिला आहे.

ज्यांच्या गाडीत सगळे दिवे कंट्रोल युनिटवरून चालतात किंवा वॉरंटी बाकी आहे, त्यांनी हे किट सोडून कंपनीचंच अ‍ॅक्सेसरी हार्नेस घ्यावं. महाग पडतं, पण कपलर जागच्या जागी बसतो आणि मूळ वायर कुठे कापावी लागत नाही.